'पिपाणी' न्युरेम्बर्गला जाते

न्युरेम्बर्ग, ११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा दंडवत. पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. मागच्या रविवारी तुझ्याशी बोललो, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात चिठ्ठी लावली की रविवार हा शांततेचा दिवस असतो. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नसतो. आत्याशी बोलायचं तर नावच नको.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ मागतो. मला आजोबांच्या 'पिपाणी'चे अंक हवे आहेत.

माझं वेड तुला माहीत आहे. तू त्याला रद्दीचा नाद म्हणतेस. इथल्या ट्रेम्पेलमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मी कोपऱ्यातल्या खोक्यांत हात घालून बसतो आणि मैथिली लांब उभी राहून माझी ओळख नसल्यासारखं करते. मला फक्त मंदीच्या वर्षांतले अंक हवे असतात. एकोणीसशे एकोणतीसनंतरचे. अमेरिकेतली चित्रकथांची पातळ मासिकं, इथली सचित्र साप्ताहिकं. नोकरी गेलेली, घर गेलेलं, आणि तरी माणसं हसायला म्हणून कागद विकत घेत होती, याचं मला फार वाटतं. आमच्या तळघरात आता सायकलींना जागा नाही.

तर इथे आमचं एक फेराइन आहे, जुनी नियतकालिकं जमवणाऱ्यांचं मंडळ. आपल्याकडे चार माणसं जमली की गणपती बसवतात, इथे फेराइन काढतात. अध्यक्ष हेर लिंडनर ('हेर' म्हणजे श्रीयुत), लॅटिनचे निवृत्त मास्तर. फार कडक. आठ वर्षं मी त्यांच्या प्रदर्शनात खुर्च्या उचलल्या, पण टेबल कधी मिळालं नाही. यंदाचा विषय आहे, मंदीत लोक काय वाचत होते. बैठकीत मी उठून म्हणालो, मंदी आमच्याकडेही आली होती, आणि माझे आजोबा त्याच वर्षांत मुलांच्या मासिकात चित्रकथा काढत होते. सगळे वळून बघायला लागले. हेर लिंडनर म्हणाले, "बरं तर, हेर देवस्थळी, दाखवा की मग."

मला टेबल मिळालं आहे, आत्या.

तिथे प्रत्येक अंकाशेजारी पाटी लागते, त्यावर चित्रकाराचं नाव. नाव अंकावरूनच सिद्ध झालं पाहिजे असा नियम आहे. 'पिपाणी'च्या संपादकांनी आजोबांचं नाव कधी छापलं नाही, पण शेवटच्या चौकटीत खाली कोपऱ्यात त्यांची बारीक सही असायची. लहानपणी तू मला भिंगातून दाखवली होतीस. ती सही पुरे आहे. आजोबांचं नाव त्या पाटीवर लागलेलं मला बघायचं आहे. बाकी काही नको.

राजाभाऊंचा गौरांग पाडव्याला कराडला येतोय. परत इकडे जर्मनीत बॉबलिंगेनला येताना त्याच्याबरोबर देशील? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ, ओलं होऊ देऊ नकोस. प्रदर्शन १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडतंय.

तुझा,
शिरीष


कराड, ६ मार्च २०२४

चि. शिरीष,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्यानं, बाबांच्या तसबिरीसमोर. त्यांनाही कळायला हवं होतं.

तुझ्या त्या लिंडनर मास्तरांना सांग की यशवंत मास्तरही काही कमी कडक नव्हते. मंदीत इथल्या पेठेत गुळाच्या ढेपा पडून असायच्या, कुणी विचारीना. शाळेनं मास्तरांच्या पगाराला कात्री लावली. बाबांकडे चित्राचा कागद नव्हता, म्हणून ते जुन्या नकाशांच्या पाठीवर धोंडू आणि त्याची मखमल शेळी काढायचे आणि पुण्याला छपाईचे ब्लॉक करायला धाडायचे. अंक यायचा तो सगळ्या आळीत फिरायचा. कुणाच्या घरी चूल पेटायची मारामार, पण धोंडूचं पुढे काय झालं ते पोराटोरांना पाठ. हे सगळं मी माझ्या आईकडून ऐकलंय, कारण मी जन्मले तेव्हा 'पिपाणी' बंद पडून चार वर्षं झाली होती. मी वाचायला लागले ती त्या जुन्या अंकांवरच.

आणि बाबांना लोकांनी काय म्हणून लक्षात ठेवलं? फळ्यावर पेरू काढणारे मास्तर म्हणून. चित्रकार कुणी म्हटलं नाही. तुझा बाप दिनू हयात असता तर आज गल्लीत नाचला असता.

अंक काढून पाहिले. टाचण्या गंजलेल्या, कडा मुंग्यांनी कातरलेल्या, पानं सुटी झालेली. अशा अवस्थेत बाबांना परदेशी धाडायचं? आपण कुणाच्या दारी जाताना फाटका सदरा घालून जातो का? जे करायला हवं ते मी केलं आहे. काय ते आत्ता सांगत नाही. उघडशील तेव्हा तुझं तोंड बघायला मी तिथे हवी होते.

गौरांगकडे मेतकूट आणि लोणचंही देणार आहे. लोणचं वेगळ्या पिशवीत बांधलं आहे, घाबरू नकोस. तुझ्या अन्वीला म्हणावं, आजीला मराठीत दोन ओळी लिही.

तुझी,
आत्या


न्युरेम्बर्ग, २१ एप्रिल २०२४

ती. आत्या,

सा. न. गौरांगकडून सगळं नीट मिळालं. लोणचं अजिबात सांडलं नव्हतं. मेतकूट अन्वीला आवडलं.

'पिपाणी' पाहिली. फार छान झाली आहे. बाइंडिंग छान आहे, सोनेरी अक्षरंही छान उठली आहेत. तू एवढे कष्ट घेतलेस, त्याबद्दल काय लिहू.

प्रदर्शनाचं अजून नक्की नाही. यंदा टेबलं जास्त झाली आहेत असं दिसतं. कदाचित पुढच्या वर्षी बघू. तू मनाला लावून घेऊ नकोस. तब्येत जप. ऊन फार असेल.

तुझा,
शिरीष


कराड, १२ मे २०२४

चि. शिरीष,

आशीर्वाद. मी पस्तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले आहेत. ज्याला काही सांगायचं नसतं तो 'छान' लिहितो. तुझ्या एवढ्याशा पत्रात छानच छान आहे, आणि माणूस कुठेच नाही.

पुढच्या वर्षी म्हणजे काय? मी सहा महिने आधीपासून सगळ्यांना सांगून बसले आहे. भजनी मंडळात सांगितलं, बँकेत सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडं असताना सांगितलं. शाळेनं बाबांची तसबीर ड्रॉइंग हॉलमध्ये लावायचं कबूल केलं आहे. माझं वय शहाऐंशी आहे. मला पुढचं वर्ष दाखवायला तुझ्या फेराइनकडे काही खास सोय आहे का?

खरं सांग, त्यांनी नाकं मुरडली ना? काळ्या शाईतली शेळी, न कळणारी लिपी, कुठल्या गावचं मासिक, असं म्हणाले असतील. त्यांना सांग, ज्या वर्षी तुमच्याकडे माणसं भाकरीसाठी रांगा लावत होती, त्याच वर्षी आमच्याकडेही तीच दशा होती, आणि आमच्याकडचा एक मास्तर नकाशाच्या पाठीवर चित्रं काढून पोरांना हसवत होता. आमचं काय कमी आहे? तू तिथे तोंड शिवून बसू नकोस. देवस्थळ्यांच्या घरात तोंड शिवायची रीत नाही.

आणि ते तसं नसेल तर कसं आहे, ते लिही.

तुझी,
आत्या


न्युरेम्बर्ग, २ जून २०२४

ती. आत्यांना,

मैथिलीचा नमस्कार. तुमचं पत्र शिरीषनं वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवून दिलं. उत्तर लिहायला तो तीनदा बसला आणि उठला. म्हणून मीच लिहिते आहे. हे मी त्याला न सांगता करते आहे, राग आला तर माझ्यावर धरा.

जर्मन लोकांनी नाकं मुरडली नाहीत. आत्या, अडचण बाइंडिंगची आहे.

तुम्ही जे केलंत ते माझ्या आईनंही केलं असतं. आमच्याकडे दिवाळी अंकसुद्धा बांधून ठेवायचे. पण जमवणाऱ्यांच्या जगात उलटं असतं. अंक जसा छापून आला तसाच हवा, गंजलेल्या टाचणीसकट. टाचणी बदलली तरी ते हळहळतात. शिरीषला हे इतकं अंगवळणी पडलं आहे की तुम्हाला ते सांगावं लागेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं गौरांगची पिशवी उघडली. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरांत 'पिपाणी' आणि खाली 'संग्राहक : शिरीष दिनकर देवस्थळी, जर्मनी'. तो कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून हात फिरवत होता. मग त्यानं आत पाहिलं.

तेवढंच असतं तरी निभावलं असतं. पण बांधणाऱ्यानं कडा सारख्या करायला तिन्ही बाजूंनी यंत्र फिरवलं आहे. त्या काळी कागद वाचवायला 'पिपाणी'त समास जवळजवळ ठेवतच नसत, हे तुम्हाला माहीत आहे. सह्या अगदी कडेला होत्या. त्या गेल्या, आत्या. शिरीषनं जेवढे अंक उघडले त्यातल्या एकातही सही उरलेली नाही.

तो पुस्तक घेऊन हेर लिंडनरांकडे गेला, मीही बरोबर होते. ते बाइंडिंगबद्दल काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "आणि नाव?"

"कापलं गेलं," शिरीष म्हणाला.

"मग पाटीवर लिहावं लागेल, त्सायश्नर उनबेकान्ट." म्हणजे चित्रकार अज्ञात.

"अज्ञात कसे? माझे आजोबा आहेत ते."

"तसं तुम्ही म्हणता, हेर देवस्थळी. कागद म्हणत नाही."

शिरीषनं पुस्तक पिशवीत घातलं आणि टेबल परत केलं. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते टेबल. घरी येताना ट्राममध्ये एवढंच म्हणाला, आजोबांना अज्ञात म्हणून तिथे ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं. आणि आत्याला यातलं काही कळता कामा नये. त्यानंतर त्यानं पुस्तक कपाटात ठेवलं ते बाहेर काढलेलं नाही.

मला एवढंच वाटलं की तुम्हाला खोट्यात ठेवणं बरोबर नाही. तुम्ही सोसाल, याची मला खात्री आहे.

तुमची,
मैथिली


कराड, २० जून २०२४

चि. शिरीष,

आशीर्वाद. सूनबाईचं पत्र आलं. तिला रागवायचं नाही. तुझ्यापेक्षा तिला माझी पारख जास्त आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं तुला या वयात कळायला हवं.

पत्र वाचून मी एक दिवस जेवले नाही. माझ्याच हौसेनं बाबांचं नाव कापलं गेलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती सोनेरी अक्षरंच तेवढी दिसली. धावत दुकानात गेले. बाइंडिंगवाली यमुना बिचारी ओशाळली. कातरण त्याच आठवड्यात स्ट्रॉबेरीच्या खोक्यांत भरायला गेलं म्हणाली. गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी जेवले आणि मला राग आला. बांधलं म्हणून मी मान खाली घालणार नाही, हे लक्षात ठेव. आपल्याकडे ज्याची किंमत वाटते ते बांधून ठेवतात, सुटं राहतं ते रद्दीवाला नेतो. माझ्या शाळेचं वाचनालय मी बांधून बांधूनच टिकवलं. तुझ्या फेराइनचे अंक कोरे करकरीत राहिले, कारण ते कुणी वाचले नाहीत. आपले सगळ्या आळीनं वाचले. त्यांना म्हणावं, वाचलेला अंक असाच दिसतो.

आता कामाचं. नीट वाच.

मखमल शाळेत शिरते आणि तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांचा फेटा खाते, ते पान तुला आठवतं का? लहानपणी मला ते इतकं आवडायचं की रोज पटकन सापडावं म्हणून मी त्याचा खालचा कोपरा आत दुमडून ठेवला होता. सात वर्षांची होते. बाबांनी पाहिलं. पुस्तकाचं पान दुमडणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. लाकडी पट्टीनं हातावर असा फटका दिला की दुसऱ्या दिवशी शाळेत लेखणी धरवेना. मार्चमध्ये अंक काढले तेव्हा तो कोपरा मी पाहिला. तसाच होता, दुमडलेला.

वाचनालयाची पुस्तकं बांधायला जायची तेव्हा मी तिथे उभी राहायचे. मला ठाऊक आहे, पानाचा कोपरा आत दुमडलेला असला की यंत्राचं पातं त्याला लागत नाही. बाकीचं पान कापलं जातं, तेवढा कोपरा वाचतो. उलगडलास की पानाच्या बाहेर येईल.

त्या पानावर सही नेमकी त्याच कोपऱ्यात होती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. छप्पन्न गोष्टी आठवतात आणि नेमकी हवी ती आठवत नाही. बाबा बहुतेक उजवीकडे खालीच करायचे, एवढं नक्की. कपाटातून पुस्तक काढ. आणि जे असेल ते लिही. आता काही लपवलंस तर मी विमानात बसून येईन, आणि मग तुझ्या खालच्या बाई किती चिठ्ठ्या लावतात ते बघू.

तुझी,
आत्या


न्युरेम्बर्ग, १३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

दसऱ्याचं सोनं घे आणि माझा दंडवत घे. जुलैत तुला कार्ड टाकलं होतं की पान सापडलं, पण उलगडायला वेळ लागेल. त्यानंतर मुद्दामच लिहिलं नाही. काहीतरी अर्धवट सांगून तुझा जीव टांगणीला लावायचा नव्हता. आता सगळं सांगतो.

तो कोपरा मी एप्रिलमध्येच पाहिला होता. पाहिला आणि मनातल्या मनात खराबीच्या यादीत टाकला. आमच्यात शिकवतात की जुनी घडी कधी उलगडू नये, कागद तुटतो. म्हणजे जे शोधत होतो त्याच्यावर बोट ठेवूनच मी पुढे गेलो होतो.

तुझं पत्र घेऊन हेर लिंडनरांकडे गेलो. त्यांना सगळं भाषांतर करून सांगितलं, अंक कुणी वाचले नाहीत म्हणून कोरे राहिले तेसुद्धा. वाटलं, आता हे दार लावून घेणार. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या आत्या शिक्षिका होत्या का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "वाटलंच."

घडी त्यांनी स्वतः उलगडली. घाई करू दिली नाही. दमट टिपकागद ठेवायचे, वजन ठेवायचे, दुसऱ्या दिवशी थोडं सरकवायचे. ऑगस्टमध्ये त्यांना सुट्टीवर जायचं होतं, तर सुट्टी पुढे ढकलली. शेवटच्या दिवशी मला बोलावलं. मी अन्वीला घेऊन गेलो, कारण एकट्यानं बघायची माझी हिंमत नव्हती.

कोपरा उघडला आत्या, आणि पानाच्या बाहेर आला. बाकीचं पान पिवळं, तो तेवढा फिका. त्यावर शेळीचा एक खूर, फेट्याचं टोक, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत सही.

मला ती वाचता येईना, डोळे भरून आले होते. लिंडनरांना लिपी येत नाही. त्यांनी भिंग अन्वीच्या हातात दिलं. आपल्या अन्वीला तू ओळखतेस. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. शनिवारच्या मराठी शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखतं. ती भिंग धरून एकेक अक्षर लावत बसली. य. मग दे. मग व. 'स्थ'पाशी अडखळली. मग तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "दास श्टेट डोख आन उन्झरर क्लिंगल." म्हणजे, हे तर आपल्या दारावरच्या बेलवर लिहिलंय.

लिंडनर म्हणाले, "आता कागद म्हणतो आहे." आणि त्यांनी टेबल परत दिलं. कोपऱ्यातलं नाही, दारासमोरचं.

काल प्रदर्शन उघडलं. बाकी सगळं काचेखाली, हात लावायचा नाही. आपलं पुस्तक एकटंच उघड्यावर. बांधलेलं आहे, भक्कम आहे, लोकांना चाळू द्या, असं खुद्द लिंडनरांनी ठरवलं. माझ्या अमेरिकन चित्रकथा, ज्यांच्यासाठी मी जिवाचं रान केलं, त्यांच्यापुढे लोक मिनिटभर थांबायचे. 'पिपाणी'पुढे मुलं रांगेत उभी होती. एक म्हातारे गृहस्थ दिपोटीच्या फेट्यावर हसायला लागले ते खुर्ची मागेपर्यंत हसले. अक्षर एक कळत नव्हतं त्यांना. अन्वी शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत होती की शेळीचं नाव मखमल आहे, आणि मखमल म्हणजे काय. मी सदरा घालून दिवसभर तिथे उभा होतो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी खुर्च्या उचलल्या नाहीत.

पाटी मी लिहिणार होतो, पण लिंडनरांनी ती स्वतः लिहून आणली. त्याआधी त्यांनी मला विचारलं होतं की घडी कुणी घातली. मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, लग्नानंतरचं नको, तेव्हाचं सांगा. मग वय विचारलं. मला वाटलं, त्यांना उत्सुकता असेल. काल पाहिलं तेव्हा पाटीवर दोन ओळी होत्या. जर्मनमध्ये त्यांनी लिहिल्या आणि खाली मराठीत अन्वीनं, तिच्या अक्षरात:

चित्रकार : यशवंत देवस्थळी, ड्रॉइंग मास्तर, कराड.
कोपरा दुमडला : स्नेहलता देवस्थळी, वय सात.

फोटो सोबत आहे. 'दुमडला'मधला 'ड' अन्वीनं दोनदा खोडलाय, तो तसाच राहू दिला.

तुझा,
शिरीष


कराड, १ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन

चि. शिरीष,

अनेक आशीर्वाद. सूनबाईला आणि अन्वीलाही. फोटो मोठा करून आणला, चौकट केली. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ना, माझ्या अंगावर या वयात किलोभर चढलं असेल. पेढे बँकेत दिले, भजनी मंडळात दिले, यमुनेच्या दुकानात तर मोठा पुडा दिला. ती घेईना. म्हटलं, घे बाई, तू कापलं नसतंस तर त्या कोपऱ्याकडे कुणी बघितलं नसतं. दाताच्या डॉक्टरांनी गोड खाल्लं म्हणून रागवायच्या आधी त्यांच्याच तोंडात पेढा घातला. शाळेनं ड्रॉइंग हॉलमध्ये बाबांची तसबीर लावली. हेडबाईंनी भाषणात दोनदा 'चित्रकार' म्हटलं. मी मोजत बसले होते.

सगळे पाटी वाचतात आणि दुसऱ्या ओळीला हसतात. मीही हसले. पण काल फोटो भिंतीवर लावताना माझ्या मनात आलेलं तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही.

बाबा भयंकर टापटिपीचे. चादरीची घडी वाकडी असली तर पुन्हा घालायला लावायचे. भिंतीवरची तसबीर रेसभर कलली तर स्टूल घेऊन चढायचे. 'पिपाणी'चे अंक ते दर दिवाळीआधी काढायचे, एकेक पान उघडून पुसायचे, ऊन दाखवायचे आणि परत ठेवायचे. त्या फटक्यानंतर बाबा अडतीस वर्षं जगले. तो कोपरा सरळ करायला त्यांना अर्धा क्षण लागला असता.

त्यांनी मला मारलं, पण घडी मोडली नाही. दर दिवाळीला त्यांनी ते पान उघडलं, माझी घडी पाहिली आणि तशीच ठेवून दिली. आम्ही भावंडं त्यांना घाबरायचो, आणि मला आयुष्यभर वाटत आलं की दिनू त्यांचा जास्त होता.

नव्हता. बापाची लाडकी मी होते.

तुझी,
आत्या